अधिकाचं चिन्ह

"पण सर, प्रोग्रॅम चांगला का नाही, ते तरी सांगा."

अभिनंदन मगदूमने तिसऱ्यांदा विचारलं. त्याच्या प्रोग्रॅमची तीन पानं गवंडी सरांच्या टेबलावर पडली होती. सरांच्या घरातल्या याच खोलीत त्यांनी त्याला प्रोग्रॅमची पहिली ओळ शिकवली होती. आता धर्मादाय नेत्र दवाखान्यात पेशंटच्या रांगेचे नंबर त्याचाच प्रोग्रॅम लावत होता. सरांनी एकदा शाबास म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता.

"अधिकाचं चिन्ह तू बदललंस," सर म्हणाले.

"बदललं नाही, ओव्हरलोड केलं, म्हणजे रांगेसाठी त्याला नवा अर्थ दिला. रांग अधिक माणूस, की माणूस शेवटी उभा. रांग अधिक रांग, की दोन्हींची एकच रांग. दवाखान्यात खिडक्या दोन, पुरुषांची अन् बायकांची. मी एका ओळीत जोडून टाकल्या. असं कोण लिहितं, सर?"

"कोणी नाही."

अभिनंदन सुखावला.

सरांनी त्याच्या हातात खडू दिला. "पाच अधिक तीन?"

"आठ."

"तीन अधिक पाच?"

"आठच की. थट्टा करताय काय?"

"आता तुझी ओळ लिही."

त्याने फळ्यावर लिहिलं, पुरुष + बायका.

"उलटी लिही."

त्याने खडू टेकवला... आणि हात तिथेच राहिला. उलटी लिहिली, तर रांगही उलटी लागणार होती. डावीकडचे सगळे आधी. ते संपले, की मग उजवीकडचे.

"डॉक्टर किती जणांना तपासतात?"

"गुरुवारी फक्त... चाळीस."

"आणि पुरुष किती येतात?"

पन्नासाच्या खाली कधी येत नसत, हे अभिनंदनला ठाऊक होतं.

"पण सर, एकही एरर आली नाही. कोणाची तक्रारसुद्धा नाही."

"खिडकीवरचा माणूस बायकांना सांगतो, नंबर कॉम्प्युटर लावतो. मग त्या उठून घरी जातात." सरांनी चष्मा काढून पुसला. "तुझी काकू तीन गुरुवार जाऊन बसली. डोळ्यातलं प्रेशर वाढलं होतं. डावा डोळा गेला, उजवाही अंधुक झालाय."

आत काकू, सरांच्या पत्नी, भिंत चाचपत कुठेतरी निघाल्या होत्या. बांगड्या भिंतीला घासत होत्या...

अभिनंदनला पानांकडे बघवेना.

"सर, उद्या गुरुवार आहे," तो घाईने म्हणाला. "काकूंना मी पहिला नंबर लावून देतो. एका ओळीचं काम आहे."

सरांनी त्याच्या बोटांतून खडू काढून घेतला.

"तिच्या पुढे अकरा बायका बसायच्या," ते म्हणाले. "आधी त्यांची नावं घेऊन ये."