पाणी लागेल तिथवर

"समुद्र तुमचा, वाळू माझी!" राजे भूपाळरावांनी फर्मावलं, आणि आडबंदरच्या कोळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळ्याचं मूळ होतं राजांच्या बंगल्यात. महाराजांना हुक्की आली आणि त्यांनी ऐन किनाऱ्यावर बंगला बांधला. दिवाणजी म्हणाले होते, "महाराज, जरा मागे, टेकडीवर बांधू या." पण ऐकतात ते राजे कसले! "मग लाटा माझ्या पायाशी कशा येतील?" म्हणे. लाटा काय, बोलावणं आल्यावर मागे राहतात होय? पहिल्या पावसाळ्यात माडांची रांग गेली. दुसऱ्यात बागेची भिंत गेली. वाळू खचत खचत समुद्र ओसरीपुढे येऊन बसला.

आता समुद्रावर ओरडून काय होणार? म्हणून राजे कोळ्यांवर ओरडले. "हे रोज वाळूतून होड्या ओढतात, म्हणून माझा किनारा खचतो! बंद करा यांची वाट!" झालं, वाट बंद. होडीपर्यंत पोचायला कोळ्यांना खाडीचा लांबलचक वळसा पडू लागला.

तेही त्यांनी सोसलं. पण पावसाळा तोंडावर आला, तेव्हा म्हातारा पोसू तांडेल आपल्या लेकीला, चांगुणाला, घेऊन राजांपुढे उभा राहिला.

"महाराज, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारायच्या आहेत. पाण्यात राहिल्या तर पहिल्याच वादळात त्यांच्या फळ्या होतील. होडी गेली की आमची चूल गेली!"

"ठेवा की होड्या! मी कुठे नको म्हणतो?" राजे मिशीला पीळ देत म्हणाले. "पण ओल्यात ठेवा. पाणी लागेल तिथवर तुमचं, कोरडं ते सगळं माझं. कोरड्यावर पाऊल पडलं, तर होडी जप्त!"

पोसूच्या डोळ्यांत पाणी आलं. ओल्यात होडी ठेवून ती वाचवायची कशी? चांगुणा मात्र पुढे सरकली.

"महाराज, हा कायदा आम्हांलाच, की दोघांना सारखा?"

"म्हणजे गं काय?"

"तुमच्या कोरड्यात आम्ही यायचं नाही. मग आमच्या ओल्यात तुम्ही तरी का यावं?"

राजांना हसू आवरेना. "मला काय करायचंय तुमच्या ओल्यात? मी काय बोंबील धरायला येणार आहे? सारखा तर सारखा! दवंडी पिटा!"

दिवाणजी दोनदा खोकले.

"दिवाणजी, काढा घ्या," राजे म्हणाले, आणि दवंडी पिटली गेली.

बाहेर आल्यावर पोसू लेकीवर उखडला. "काय गरज होती तोंड चालवायची? होत्या त्या होड्याही गेल्या!"

"बाबा, आज भरतीत दम नाही, म्हणून महाराज ऐटीत आहेत. अमावास्येला बघा. सगळ्यांना सांगा, दोर आणि झाप घेऊन तयार राहा."

अमावास्या आली. भर दुपारी समुद्राला उधाण आलं, त्यात वारा सुटला. राजे जेवून दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर डुलक्या घेत होते. पायांना गार गार लागलं, म्हणून डोळे उघडून बघतात, तर त्यांचे जरीचे जोडे तरंगत देवघराकडे निघालेले! आणि ओसरीतून चक्क एक होडी आत येतेय! होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, चांगुणा उभी.

"जपून, बाबा! झुंबर लागेल डोक्याला!"

"ही काय मुजोरी!" राजे गरजले. "माझ्या दिवाणखान्यात होडी?"

"तुमचा कसा, महाराज? पाणी लागेल तिथवर आमचं! पाणी तर देवघराच्या उंबऱ्याला लागलंय."

"शिपाई! धरा हिला!"

शिपाई जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे होते. त्यांतला एक चाचरत म्हणाला, "महाराज, ओल्यात उतरायचं कसं? आपलीच दवंडी आहे!"

"मीच बघतो!" म्हणत राजे झोपाळ्यावरून उतरायला निघाले.

"हां हां, महाराज! पाय वर! खाली आमची हद्द आहे."

राजांनी झटकन पाय वर घेतले. तोवर एकामागून एक होड्या आत येत होत्या. कुणी ओसरीच्या खांबाला दोर बांधत होतं, कुणी झाप पसरत होतं. पोसू तांडेल तर तक्क्यावर जाळं वाळत घालायला जागा बघू लागला. मधोमध मांडी घालून राजे हेलकावे खात होते.

"आणि मी... मी उतरायचं कधी?"

"ओहोटीला पाणी जाईल, महाराज. पण फरशी वाळेपर्यंत पुन्हा भरती येणारच!"

"म्हणजे मी पावसाळाभर झोपाळ्यावर?"

"छे! असं कसं होईल? वाट मागा, आत्ता देतो," चांगुणा म्हणाली. "लोकांच्या वाटा अडवायला आम्ही काही राजे नाही!"

पोसूने तर डोळेच मिटले. आता लेकीचं काही खरं नाही! आणि राजे एकदम खो खो हसत सुटले. झोपाळा करकरायला लागला.

"हरलो गं पोरी, हरलो! वाट खुली! होड्यांना टेकडीपर्यंतची सगळी जागा खुली! आणि तुला बक्षीस... हा बंगलाच तुला दिला!"

कोळ्यांनी आ वासला. चांगुणाने मात्र घाईघाईने हात जोडले.

"नको, महाराज! काही चुकलं असेल तर दुसरी शिक्षा करा!"

राजांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. "मग काय देऊ? माग!"

"याचे खांब आणि तुळया द्या. अस्सल सागवान आहे, चांगली होडी होईल. समुद्रात तर ते जायचेच आहेत, महाराज. निदान तरंगत तरी जातील!"

"दिले!" पोट धरून राजे ओरडले. "सगळे खांब दिले! दिवाणजी, गाड्या जुंपा! आपण टेकडीवर राहायला निघालो!"