सहावी बाटली

बाटल्या आपसात बोलायच्या, त्या काळी आल्बन नावाचा एक माणूस घरच्या घरी जवाची बिअर करायचा. एका खेपेला बाराच बाटल्या. बिअर आंबून निवली की तो ती बाटल्यांत भरी, फेस यावा म्हणून प्रत्येकीत एक चमचा साखर टाकी आणि तारेच्या कडीचं बूच घट्ट लावी.

एकदा सहाव्या बाटलीत साखर पडली आणि दारात कुणीतरी हाक मारली. गप्पा मारून आल्बन परतला आणि त्याने पुन्हा सहावीपासूनच सुरुवात केली.

"मला मिळालीय," सहावी म्हणाली. पण माणसांना बाटल्यांचं ऐकू येत नसे.

चार दिवसांत तिच्या पोटात वायू मावेना. ती बुचाला म्हणाली, "बाबा रे, जरा सैल हो. एकदाच श्वास सोडू दे."

"सैल बूच फेकून देतात," बूच म्हणालं.

मग ती शेजारणींना म्हणाली, "मी फुटले तर तुम्हालाही लागेल. तुम्ही तरी सांगा त्याला."

"दोन चमचे मिळाले, तरी रडतेस?" सातवी म्हणाली.

सहाव्या दिवशी सहावी बाटली फुटली. पाचवी आणि सातवीही तिच्यासोबत गेल्या.

आल्बनने काचा गोळा केल्या. तुटलेल्या मानेवर बूच अजून घट्ट बसलेलं होतं.

"काचच कच्ची निघाली," तो बायकोला म्हणाला. "बूच मात्र चांगलं आहे."

ते त्याने धुऊन पुढच्या खेपेसाठी ठेवलं.