चितारी आणि जागल्या

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका दवाखान्यात एकच संगणक होता. त्याच्या पोटात दोन प्रोग्राम राहत. चितारी एक्स-रेची चित्रं काढायचा, तर जागल्या काचपेटीत ठेवलेल्या नवजात बाळाचे ठोके ऐकत बसायचा. कुणाला किती वेळ आणि किती जागा द्यायची, ते संगणकाची मुख्य प्रणाली असलेला कारभारी बघायचा. पण तो भिडस्त होता. चितारी मागेल तेवढं देऊन टाकायचा.

एका सकाळी चितारीने सगळीकडे पसारा मांडला. तेवढ्यात जागल्याचा घुसमटलेला आवाज आला, "कारभारी, बाळाचे ठोके मंदावलेत! घंटा वाजवायचीय, पण माझी पाळीच येत नाही!"

कारभारी दचकला. कुणी किती जागा अडवलीय, हे त्याने पहिल्यांदाच मोजून पाहिलं. चितारीने कधीच पुरी झालेली चित्रंही उराशी धरून ठेवली होती.

"ती सोड," कारभारी म्हणाला. "यापुढे तुला इतकीच जागा. आणि पाळी संपली की चित्र अर्धं असलं तरी थांबायचं."

"मग ते पुरं कधी होणार?"

"पुढच्या पाळीत. आता सरक!"

चितारी सरकला. घंटा घणघणली. नर्स हेमांगीताई धावत आल्या आणि त्यांनी बाळाचे तळवे चोळले. बाळाने असा टाहो फोडला, की कारभाऱ्याच्या जिवात जीव आला.

दुपारपर्यंत चितारीचं चित्रही पुरं झालं. ते त्याने उराशी न धरता लगेच सोडून दिलं आणि हळूच विचारलं, "जागल्या, बाळ कसं आहे रे?"

"झोपलंय," जागल्या म्हणाला. "हळू बोल."