खापरटेकावरची साळू आणि हौसा

ही समोरची टेकडी दिसते ना, ती खापरटेक. लांबून मुरमाची वाटते, पण जवळ गेलात की कळेल, नुसती फुटकी मडकी आहेत. फोटो काढा हवे तेवढे, वर मात्र चढू नका. मागच्या वर्षी एक पाहुणे चढले, मी त्यांना चारचौघांत बोललो, मग त्यांना राग आला. मलाही आला होता. मी इथला कुंभार. आमच्या घरचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, पूर्वी याच जागी होता. तो का मोडला, ते ऐकून जा.

फार मागची गोष्ट. आमच्या वाघजळी गावाची पाटीलकी तेव्हा रायाजीकडे होती असं सांगतात. त्याची बायको साळूबाई. आणि आमच्या घरात होती हौसा, विधवा, मूलबाळ नसलेली. आवा ती एकटीच सांभाळायची. दोघी एकाच माहेरगावच्या, एकाच ओढ्यात डुंबून वाढलेल्या. लोकांसमोर हौसा तिला ‘पाटलीणबाई’ म्हणायची आणि परसात गाठ पडली की ‘साळे’.

साळूला पाचवा महिना असताना रायाजी नाहीसा झाला. धाकटा भाऊ मानकोजी रडत सांगत आला की घाटात दादाला वाघानं नेलं. गावानं मानलं. पाटीलकी मानकोजीकडे गेली. तिसऱ्या दिवशी हौसानं आवा उघडला तर राखेत हाडं होती आणि एक काळं पडलेलं चांदीचं कडं. रायाजीचं. हौसा माती आणायला गेली होती, तेवढ्यात मानकोजीनं भावाला मारून तिच्याच पेटत्या आव्यात ढकललं होतं. तिनं कडं साळूला दाखवलं आणि चुलीमागं पुरलं. दाद मागायची कुणाकडे? पाटीलच खुनी. साळूला मुलगा झाला तर त्याचीही गत तीच होणार, हे दोघींना कळून चुकलं.

तेव्हा या गावात रीत होती. मुलगा झाला की बाळामागून पडलेली वार पुरायला कुंभाराकडून काळं मडकं जायचं आणि मुलगी झाली की तांबडं. मडकं बघूनच गावाला कळायचं. साळूचं मूल सुईण यायच्या आत झालं. नाळ हौसानंच कापली. मुलगा होता. हौसानं घरी जाऊन तांबडं मडकं आणलं. ते बघून मानकोजीनं म्हणे हसत गूळ वाटला.

मुलाचं नाव चिमा ठेवलं. परकर, वेणी, कानात डूल. चार वर्षं हे दोन बायांनी निभावलं. तिसऱ्या माणसाला खबर नव्हती.

घात झाला तो पोळ्याला. घरात जितके मुलगे तितके मातीचे बैल, असं कुंभारानं द्यायचं. मानकोजीला दोन मुलगे, म्हणून पाटलाकडे दोन बैल जायचे. त्या वर्षी हौसानं तिसरा केला, अंगठ्याएवढा. आदल्या पोळ्याला चिमा बैलासाठी रडून झोपला होता, ते तिच्या मनातून जाईना. ‘लपवून ठेव रं माझ्या राजा,’ म्हणून तिनं तो त्याच्या मुठीत दिला. चार वर्षांचं पोर काय लपवणार? त्यानं तो नेऊन पाटावर चुलतभावांच्या बैलांशेजारी उभा केला. मला विचाराल तर चूक हौसाचीच. पण तिच्या जागी मीही केला असता.

मानकोजी पूजेला आला. तीन बैल बघून थांबला. कुंभारीण मुलगे मोजून बैल करते, ती चुकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो तलवार आणायला आत वळला तशी साळू पोराला काखेत मारून मागच्या दारानं कुंभारवाड्यात पळाली.

अंगणात मोठमोठे रांजण पालथे घातले होते. हौसानं एकाखाली चिमाला बसवलं. साळूला म्हणाली, “तू वढ्याकडं पळ. त्यो तुज्या मागं यील.”

मानकोजी तिच्या मागं गेला नाही. साळूचे हात रिकामे आहेत हे त्यानं पाहिलं होतं. तो रांजण फोडू लागला. पाच फोडले. सहाव्याकडे वळला तशी हौसानं पुढं होऊन तलवारीचं पातं दोन्ही हातांनी धरलं. “पोर कुठाय?” त्यानं विचारलं. ती म्हणाली, “तुमच्या घरात पोरगी हाय, पाटील.” त्यानं पातं ओढून घेतलं आणि तिचा उजवा हात मनगटातून तोडला. परत विचारलं. मग डावा तोडला. हौसा ओरडली नाही. ती ओरडली असती तर रांजणाखालचं पोरही ओरडलं असतं. बैलांची मिरवणूक वेशीपाशी थांबून सगळं बघत होती. एकही पुरुष पुढं आला नाही. त्यांत आमच्या कुंभारवाड्यातलेही होते. सांगताना लाज वाटते.

मानकोजी मागं येत नाही हे बघून साळू परत फिरली होती. तिनं मडकी ठोकायचा दगडी गोळा उचलला आणि मागून दिराच्या डोक्यात घातला. तो कोलमडला तो आव्यावर. आवा दोन दिवस आत धुमसत होता. वरचा थर फुटला आणि तो कमरेपर्यंत निखाऱ्यात गेला. बाहेर यायला धडपडला, तेव्हा साळूनं निखारे सारायच्या बांबूनं त्याला परत आत लोटलं. तो निपचित पडेपर्यंत लोटत राहिली. मग हौसाचे दोन्ही तुटके हात तिनं तापल्या राखेत दाबले. रक्त थांबलं, म्हणून हौसा वाचली. त्या आव्यावर लोकांनी फुटकी मडकी आणून टाकली आणि पुन्हा तो कधी पेटला नाही.

न्यायनिवाड्याला गावाची गोतसभा बसली. साळूनं कडं पुढं ठेवलं. ते सगळ्यांनी ओळखलं. पाटीलकी चिमाजीला मिळाली. हौसाला गावातून धान्य द्यावं असं ठरत होतं, तेव्हा साळू उठली. “धान्य ऱ्हाऊ द्या. तिचं हात म्या हाय.” तिनं पाटलाचं घर सोडलं आणि आमच्या घरी राहायला आली. जातीबाहेर टाकायची धमकी दिली गेली. ती म्हणाली, टाका. हौसा तोंडानं शिकवायची, साळू माती मळून मडकी घडवायची. तिची मडकी वेडीवाकडी व्हायची, तरी गाव ती घ्यायचं. घाबरून की लाजून, कोण जाणे. हौसा गेली तेव्हा चिमाजी पाटलानं डोकं भादरून तिला अग्नी दिला. कुणी म्हणालं, आई जिवंत असताना हे काय? तो म्हणाला, “ही बी आईच.”

आजही पोळ्याला पाटलाच्या घरची सून आमच्या ओसरीवर येते आणि पहिला बैल स्वतः घडवते. आमच्या घरची बाई शेजारी बसून तोंडानं सांगते, पण मातीला हात लावत नाही. तिचे दोन्ही हात पदराखाली असतात. बैल झाला की सून हात धुते, पुरणपोळीचा घास मोडते आणि तिला भरवते. ते ताट संपेपर्यंत आमच्या बाईनं हात बाहेर काढायचे नाहीत आणि पाटलाच्या सुनेनं उठायचं नाही.