चित्त्याच्या दारातली वाट

प्राणी एकमेकांशी बोलत होते, त्या काळातली ही गोष्ट. पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर लावी पक्षिणीची दोन पिल्लं हरणांच्या पायांखाली आली. लावी रडत सिंहाकडे गेली. वाटेवर किती वेगाने पळावं हे ठरवायचं काम सिंहाने प्रधान चित्त्यावर सोपवलं.

चित्ता वाटेच्या कडेला जाऊन बसला. बहुतेक जण काळविटाच्या वेगाने पळतात, असं त्याला दिसलं. त्याने तीच मर्यादा ठरवून टाकली.

"पण प्रधानजी, माझी पिल्लं वाट कशी ओलांडतात, ते पाहिलंत का?" लावीने विचारलं.

"बाई, नियम पळणाऱ्यांसाठी आहे," चित्ता म्हणाला.

पुढे कोणीच नियम मोडला नाही. सिंहाने भर दरबारात चित्त्याचा सत्कार केला. मधल्या काळात एक ससा, एक मुंगूस आणि लावीचं आणखी एक पिल्लू त्या वाटेवर मेलं. पण ते सगळं नियमात बसत होतं.

मग एकदा वाट ओलांडताना चित्त्याच्याच बछड्याला रानडुकराची धडक बसली आणि तो लंगडा झाला. लगेच दवंडी पिटली गेली, की प्रधानांच्या गुहेसमोरून सगळ्यांनी कासवाच्या चालीने जावं. तिथे पुन्हा कोणाला साधं खरचटलंही नाही. बाकीच्या वाटेवर मर्यादा काळविटाचीच राहिली.

लावीने उरलेली पिल्लं घेतली आणि चित्त्याच्या गुहेसमोरच बिऱ्हाड मांडलं.

"अगं, चित्त्याची भीती नाही वाटत?" तितर पक्षिणीने विचारलं.

"चित्त्याला भूक कधीतरी लागते," लावी म्हणाली. "वाटेवरच्यांना घाई रोजच असते."