तीच गोळी, तेवढीच मात्रा

फार दिवस झाले नाहीत. नदीकाठच्या एका पेठेत हृदयविकारांवर उपचार करणारे एक वृद्ध डॉक्टर होते. सारी पेठ त्यांना आप्पा म्हणे. शलाका नावाची एक तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकत होती. बुद्धी तल्लख, हात चपळ. पण मन तव्यावरच्या लाहीसारखे. रोगी समोर असताना आपण काहीच करत नाही, ही अवस्था तिला क्षणभरही सोसवत नसे.

एकदा आप्पा आठवडाभर परगावी गेले असताना मल्लाप्पा नावाचे गुळाचे व्यापारी पाय सुजले म्हणून आले. त्यांचे हृदय दुर्बळ होते. एका विषारी फुलझाडापासून काढलेल्या औषधाची रोज एक गोळी आप्पांनी त्यांना पाच वर्षांपासून लावून दिली होती आणि ती त्यांना मानवली होती. शलाकाने तिला हात लावला नाही. अंगात साठलेले पाणी उतरावे म्हणून ते आधीपासून घेत असलेली लघवी होण्याची गोळी मात्र तिने दुप्पट केली, दोन दिवसांनी तिप्पट. सूज झरझर ओसरली. तिला मोठे समाधान वाटले.

सहाव्या दिवशी सकाळी मल्लाप्पांची पत्नी गंगव्वा त्यांना धरून घेऊन आली. उलट्या थांबत नव्हत्या. नाडी दोन ठोके देई आणि तिसरा चुकवी.

"डागदरीणबाई, ह्यास्नी कायतरी येगळंच दिसाय लागलंय," गंगव्वा म्हणाली. "पांढराधोट भात वाढला, तर म्हणत्यात, हळद का घातलीस?"

"ते नंतर बघू, मावशी. आधी बाहेर बसा."

हृदय थकले, त्याला बळ दिले पाहिजे, असे शलाकाच्या मनाने घेतले. तिने रक्त तपासायला पाठवले आणि हृदयाच्या रोजच्या गोळीतलेच औषध सुईत भरले. एवढ्यात आप्पा आत आले. प्रवासाची पिशवी अजून खांद्यावरच होती. त्यांनी हृदयाचा आलेख पाहिला, दारात घुटमळणाऱ्या गंगव्वाला आत बोलावून तिचे सारे बोलणे ऐकून घेतले. मग शलाकाच्या हातातली सुई काढून घेतली आणि तिच्यातले औषध बेसिनमध्ये सोडून दिले.

"आप्पा, मग आता द्यायचं काय?"

"रक्ताचा अहवाल येईपर्यंत काही नाही. बस इथं. नाडीवर बोट ठेव."

ती बसली, पण तिला बसवेना. चारदा उठून ती दारापर्यंत गेली, चारही वेळा आप्पांनी नुसते खुर्चीकडे बोट दाखवले.

अहवाल आला. रक्तातले पोटॅशियम फार खाली गेले होते. आप्पांनी ते सलाईनमधून अगदी हळूहळू सुरू केले आणि पडद्यावरच्या रेषेवर डोळे लावून बसले. हृदयाची रोजची गोळी त्यांनी बंद केली.

शलाकाला राहवले नाही. "पोटॅशियम कमी होतं, ते भरलं, हे समजलं. पण गोळी का बंद? पाच वर्षं तीच गोळी, तेवढीच मात्रा. आठवड्यात तिचं विष कसं होईल?"

"झालंय खरं," आप्पा म्हणाले. "हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात असंख्य सूक्ष्म पंप असतात. पंप आतल्या बाजूनं सोडियमचे तीन कण उचलतो आणि तोंड फिरवून बाहेर सोडतो. मग बाहेरचे पोटॅशियमचे दोन कण त्यात येऊन बसतात. ते बसले की पंप मिटतो आणि पुन्हा आत वळतो. आपलं औषध पंपाला धरतं ते बाहेरच्या बाजूनं, पोटॅशियम बसण्याआधी. थोडे पंप अडले तर हृदय जोरानं आवळतं, तेवढंच आपल्याला हवं असतं. फार अडले की ताल सुटतो. इतकी वर्षं पोटॅशियम वेळेवर येत होतं, म्हणून औषधाला थोडेच पंप सापडत. तू पाणी काढलंस, त्याबरोबर पोटॅशियमही वाहून गेलं. पंप बाहेर तोंड करून ताटकळले आणि औषधानं त्यांना धरून ठेवलं. गोळी तेवढीच होती, तिला आवर घालणारं कुणी उरलं नव्हतं."

शलाकाने बेसिनकडे पाहिले. "म्हणजे मी ती सुई दिली असती तर..."

आप्पांनी सलाईनचा वेग पाहिला. मग म्हणाले, "या विषबाधेत जग पिवळं दिसतं. रोगाचं निदान त्या बाईंनी सकाळीच तुझ्या हातात दिलं होतं. तुला काहीतरी करायची इतकी घाई, की ते घ्यायला हात मोकळा नव्हता."

दुपार कलली तशी नाडी कमी चुकू लागली. दिवस मावळायच्या सुमारास ती तालावर आली. औषध अंगातून उतरायला अजून काही दिवस लागणार होते, पण मल्लाप्पा डोळे मिटून शांत झोपले होते.

शलाका बाहेर आली. बाकावर गंगव्वा पदराचे टोक पिळत बसली होती.

"मावशी, शेटजी आता ठीक आहेत. पण हे माझ्यामुळं झालं. पाण्याची गोळी मी वाढवली, आणि सकाळी तुमचं ऐकलं नाही."

गंगव्वाने पदराचे टोक सोडले. "मी परवाच येनार हुते," ती म्हणाली. "पायात गोळं येत हुतं ह्यांच्या. पर म्हटलं, बाई घाईत असत्यात, कुटं ऐकत्यात."

पायातले गोळे म्हणजे पोटॅशियम उतरू लागल्याची खूण होती. शलाका तिच्याशेजारी बाकावर बसली. "आता सांगा. पहिल्या दिवसापासून."

गंगव्वा सांगू लागली. ती मधेच थांबे, मागे जाई, शेजारणीचे काहीबाही सांगून पुन्हा मूळ गोष्टीवर येई. शलाका एकदाही उठली नाही.