किरकूची किर्र आणि गारढोण बंब

एक होतं डोंगरावरचं गाव. गावात एक घर. घरात न्हाणी. न्हाणीत तांब्याचा बंब. बंबामागे भिंतीला फट. आणि त्या फटीत राहायचा किरकू रातकिडा.

किरकू एवढासा. चिंचोक्याएवढा. पण त्याची किर्र? ती मात्र घरभर! पंखावर पंख घासला की झालं. किर्र किर्र किर्र!

दिवाळी सरली. थंडी पडली. कशी पडली? कुडकुड कुडकुड!

सकाळी किरकू उठला. पंखावर पंख घासला.

क्...

पुन्हा घासला.

क्...

किर्र येईना! पंख पार गारठले होते. आता रातकिड्याची किर्रच गेली, म्हणजे उरलं काय? दोन मिशा आणि सहा पाय! किरकूला फार वाईट वाटलं.

त्याने बंबाला पाय लावून पाहिला. बंब गारढोण!

टुण टुण टुण! किरकू बंबासमोर आला.

"बंबोबा, बंबोबा, ताप ना!
माझी किर्र येईना!"

बंब म्हणाला, "मी नाही तापणार! माझं पोट रिकामं आहे. रिकाम्या बंबात विस्तव घातला, तर बंब फुटतो. आधी पाणी, मग विस्तव! नळाने पाणी सोडलं, तर तापेन."

टुण टुण टुण! किरकू नळाकडे गेला.

"नळोबा, नळोबा, पाणी सोड ना!
बंब काही तापेना,
माझी किर्र येईना!"

नळ म्हणाला, "मी नाही सोडणार! माझा सांधा गळतोय. टप टप टप! सगळं पाणी भिंतीवर, बंबात थेंब नाही. गफूरचाचांनी सांधा बांधला, तर सोडेन."

गफूरचाचा म्हणजे गावाचे नळवाले. दर वर्षी थंडीच्या तोंडावर येतात. घरोघरचे नळ बघतात. आज ते ओट्यावर बसले होते, पिशवी उपडी करून.

टुण टुण टुण! किरकू ओट्यावर गेला.

"चाचा, चाचा, सांधा बांधा ना!
नळ पाणी सोडेना,
बंब काही तापेना,
माझी किर्र येईना!"

चाचा म्हणाले, "मी नाही बांधणार, बेटा! बांधू कशाने? पाना आहे, सांध्याला फासायचा सफेदा आहे, पण सूत संपलं. सूत गुंडाळल्याशिवाय सांधा गळायचा थांबत नाही. जनाआत्याने सूत दिलं, तर बांधेन."

जनाआत्या पडवीत बसली होती. गोधडी शिवायला घेतली होती खरी, पण दोन्ही हात काखेत!

टुण टुण टुण! किरकू पडवीत गेला.

"आत्या, आत्या, सूत दे ना!
चाचा सांधा बांधेना,
नळ पाणी सोडेना,
बंब काही तापेना,
माझी किर्र येईना!"

आत्या म्हणाली, "मी नाही देणार, बाबा! सुताचा हा एवढा गुंता झालाय. आणि बोटं आखडलीत बघ, काठीसारखी. अंगणात ऊन आलं, तर देईन."

ऊन कुठे होतं? शेवग्याच्या झाडामागे!

टुण टुण टुण! किरकू कुंपणावर चढला.

"ऊनबाळा, ऊनबाळा, अंगणात ये ना!
आत्या सूत देईना,
चाचा सांधा बांधेना,
नळ पाणी सोडेना,
बंब काही तापेना,
माझी किर्र येईना!"

ऊन म्हणालं, "मी नाही येणार! ही शेवग्याची फांदी खाली वाकलीय. केवढा तो पाला! आडवा आलाय नुसता. शेळीने पाला खाल्ला, तर येईन."

टुण टुण टुण! किरकू गोठ्याशी गेला.

"शेळीताई, शेळीताई, पाला खा ना!
ऊन अंगणात येईना,
आत्या सूत देईना,
चाचा सांधा बांधेना,
नळ पाणी सोडेना,
बंब काही तापेना,
माझी किर्र येईना!"

शेळी म्हणाली, "मी नाही खाणार! मी काय हौसेने उपाशी उभी आहे? हे बघ दावं. तोंडच पोचत नाही. रेवूने दावं सोडलं, तर खाईन."

रेवू म्हणजे या घरातली मुलगी. वय वर्षं चार. कुठे होती? गोधडीत! नाकसुद्धा बाहेर नाही.

टुण टुण टुण! किरकू गोधडीवर चढला.

"रेवू, रेवू, दावं सोड ना!
शेळी पाला खाईना,
ऊन अंगणात येईना,
आत्या सूत देईना,
चाचा सांधा बांधेना,
नळ पाणी सोडेना,
बंब काही तापेना,
माझी किर्र येईना!"

गोधडीतून आवाज आला, "मी नाही उठणार! उठलं की अंघोळ. अंघोळीचं पाणी गार. बंब तापला, तर उठेन."

अरे देवा!

रेवू उठेना, म्हणून बंब तापेना. बंब तापेना, म्हणून रेवू उठेना. आता जायचं कुणाकडे? पुढे कुणी उरलंच नव्हतं.

किरकू गोधडीवर मटकन बसला. त्याला रडू आलं. थोडं रडला. मग त्याला आला राग. चिंचोक्याएवढ्याला राग येऊन येऊन किती येणार? पण आला!

आणि किरकू शिरला गोधडीत.

अंधार. ऊबच ऊब. आणि समोर रेवूचा तळपाय! किरकू तळपायावर चढला. एक गार पाय, दोन गार पाय, तीन, चार, पाच, सहा!

"ई ई ई! गुदगुल्या! गुदगुल्या!"

रेवू खिदळली. तिने लाथ मारली. गोधडी उडाली भुर्र! किरकू पडला उशीवर, टप्! रेवूने त्याला तळहातावर घेतलं. तिचं हसू थांबलं.

"किती गार पाय रे तुझे! सगळाच गारठलास की तू!"

"हो," किरकू म्हणाला. "कधीचा."

रेवू उठली. किरकूला खांद्यावर घेतलं आणि थेट गोठ्याशी गेली.

रेवूने दावं ओढलं. सर्रकन सुटलं!

शेळी धावली. पाला खाल्ला. कुरुम कुरुम कुरुम!

पाला संपला. ऊन अंगणात उतरलं. चक्क पडवीपर्यंत आलं!

आत्याने उन्हात हात धरले. बोटं सैल झाली. गुंता सुटला. सूत तोडलं, कट्!

चाचांनी सूत घेतलं. सांध्याला गुंडाळलं, गोल गोल गोल. वरून सफेदा लावला. पान्याने आवळलं, करकच्च!

नळाने पाणी सोडलं. धो धो धो! भिंतीवर? एक थेंब नाही. सगळं बंबात!

बंबाचं पोट भरलं. गुडूगुडू गुडूगुडू!

"आता घाला विस्तव," बंब म्हणाला. आत्याने विस्तव घातला. वर शेणाची गोवरी घातली. धूर झाला, भुस् भुस्! मग जाळ झाला, धड धड!

आणि बंब तापला. सूं सूं सूं!

किरकू आपल्या फटीत शिरला. भिंत ऊन ऊन लागत होती. आधी पाय शेकले. मग मिशा शेकल्या. मग पंख शेकले.

पंखावर पंख घासला.

क्...

थांबा, थांबा. घाई नको.

कि...

किर्र... किर्र किर्र किर्र किर्र किर्र!

घरभर किर्र! न्हाणीत किर्र, पडवीत किर्र, पार गोठ्यापर्यंत किर्र! रेवू अंघोळ करत होती. अंगावर गरम पाणी, डोक्यावर फेस, आणि कानात किर्र!

गफूरचाचा पिशवी घेऊन निघाले होते. फाटकातून ते धावत परत आले.

"अरे अरे अरे! नळ वाजतोय! सांधा सुटला की काय?"

चाचांनी नळाला कान लावला. नळ गप्प. बंबाला कान लावला, "हाय हाय!" कान भाजला! मग फटीला कान लावला.

किर्र किर्र किर्र!

चाचांनी फटीत डोकावून पाहिलं. दोन मिशा हलत होत्या.

"अच्छा! तू होय?" चाचा म्हणाले. "वाज बेटा, वाज. तुला नाही आवळायचं."

आणि चाचा गेले दुसऱ्या घरचा नळ बघायला. आपला किरकू? तो आजही वाजतोय. कान द्या बरं... किर्र!